नकाराला कारण लागतं

उमेळ्याच्या रीमा म्हात्रेचा धंदा लोकांना ‘नाही’ म्हणण्याचा, आणि त्याचा तिला दर महिन्याला पगार मिळतो. वसईत पापडीला एका गल्लीत एरॉलची छोटी कंपनी आहे. वसई-विरारमधल्या शाळा, पतपेढ्या, दवाखाने आणि हौसिंग सोसायट्या यांच्या ईमेलचा कारभार ती बघते. बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी एरॉलच्या सर्व्हरच्या दारात थांबते. संशयास्पद वाटली किंवा भलतीच मोठी असली तर दारातूनच परत जाते, आणि परत जाताना तिच्या हातात एक चिठ्ठी असते. ती चिठ्ठी रीमा लिहिते.

रीमा येण्यापूर्वी त्या चिठ्ठीत एकच ओळ असायची: धोरणानुसार संदेश नाकारला, त्रुटी पाचशे पन्नास. कोणाचं धोरण, कसली त्रुटी, हे देवाला ठाऊक आणि एरॉलला आठवत नाही. रीमाला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते तेव्हा विरारहून एक निवृत्त शिक्षिका रिक्षा करून पापडीला आल्या. शाळेच्या ऑफिसला त्या आपला हयातीचा दाखला मेलनं पाठवत होत्या आणि तो अकरा वेळा परत आला होता. अकराही चिठ्ठ्या त्यांनी छापून, पंच करून, फाइलला लावून आणल्या होत्या. आपण जिवंत असल्याचा दाखला अकरा वेळा नाकारला गेल्यावर बाईंना स्वतःबद्दलच शंका येऊ लागली होती. रीमानं बघितलं तर एवढंच झालं होतं, की भाच्यानं तो कागद पासवर्डच्या कुलपात घालून दिला होता आणि कुलूपबंद काही आत घ्यायचं नाही असा सर्व्हरचा नियम होता. दोन मिनिटांचं काम. पण बाई जाताना म्हणाल्या, मला वाटलं शाळेला माझा राग आहे. रीमाला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. काय झालं, का झालं, आणि आता तुम्ही काय करायचं, एवढं प्रत्येक चिठ्ठीत असलंच पाहिजे हा तिचा नियम. या धंद्यात नाकारण्याच्या ओळीत देवनागरी धड उमटेल याची खात्री नसते, म्हणून ती रोमन अक्षरांत मराठी लिहायची आणि खाली एका पानाची लिंक द्यायची. शेवटी फोन नंबर, तोही ऑफिसातल्या तिच्या टेबलावरचा. कोणाला चोर म्हणायचं नाही, जोवर तो चोर नाही.

नालासोपाऱ्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं गच्चीतल्या गळतीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ सगळ्या सभासदांना धाडला. त्याला चिठ्ठी गेली: व्हिडिओ फार मोठा असल्यामुळे कोणालाच पोहोचलेला नाही, गळतीबद्दल आमच्या मनात शंका नाही, दोन फोटो पाठवा, तेवढ्यात कळेल. एका भल्या गृहस्थाच्या खात्यावर कोणीतरी डल्ला मारला आणि त्याच्या नावानं मर्दानगीच्या गोळ्यांच्या जाहिराती सुटल्या. त्याला रीमानं लिहिलं की तुमच्या नावानं दुसराच कोणी गोळ्या विकतो आहे, पासवर्ड लगेच बदला, पण त्याआधी घरच्यांना सांगून ठेवा. गृहस्थानं फोन करून आभार मानले आणि विचारलं, सासऱ्यांनाही गेल्या का हो? गेल्या होत्या.

एरॉल यावर वैतागायचा. त्याचं म्हणणं, आपण मेल अडवायचे पैसे घेतो, शिकवणी घेत नाही. त्यात एकदा लॉटरीच्या खोट्या मेल सोडणाऱ्या एका महाभागानं चिठ्ठीतल्या नंबरवर फोन करून अगदी नम्रपणे विचारलं, मॅडम, माझ्या मेल का जात नाहीत? तुम्ही लबाड आहात म्हणून, असं रीमानं तितक्याच नम्रपणे सांगितलं. यात सुधारणा काय करता येईल, असंही त्यानं विचारलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी एरॉलची अवस्था झाली. पण गिऱ्हाइकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या, म्हणून तो तोंडानं कुरकुरायचा आणि हातानं काही करायचा नाही.

रीमाला या धंद्यातल्या दोन गोष्टींचा मनापासून संताप. नकार दोन जातींचे असतात. चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, थोड्या वेळानं पुन्हा या’. पाचनं सुरू होणारा म्हणजे ‘कायमचं नको, पुन्हा येऊ नका’. आळशी माणसं चारच्या जागी पाच ठोकून देतात. ही पहिली गोष्ट. दुसरी त्याहून वाईट: मेल घेतो म्हणायचं आणि मधल्यामध्ये गिळून टाकायची. पाठवणाऱ्याला वाटतं पोहोचली, घेणाऱ्याला वाटतं आलीच नाही, आणि दोघं जन्मभर एकमेकांवर रुसून बसतात. नव्या पोरांना शिकवताना ती सांगायची, नाही म्हणा, हजारदा म्हणा, पण गिळू नका.

आता असं असताना तिच्याच घरी काय चालायचं ते ऐका. रीमा तिशीला टेकली होती आणि स्थळं येत होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. हिचं नाक सरळ होतं, विघ्नं हीच उभी करायची. पसंत नसलं की तिचा बाप नथू मुलाकडच्यांना फोन लावायचा आणि घसा खाकरून म्हणायचा, बाकी सगला चांगला हाय, पन पत्रिका जुलत नाय. मुलाकडून नकार आला तर तोही याच शब्दांत यायचा. समाजात कित्येक घरांत पत्रिका नाहीतच. आजेपणज्यांच्या जन्मवेळा भरती-ओहोटीवरून सांगतात. तरी न जुळायला त्या हजर असतात.

रीमा बापाला म्हणायची, बाबा, ही तुझी पाचशे पन्नास. नथूचं उत्तर ठरलेलं: झाकली मूठ सव्वा लाखाची. कारण सांगितलं की भांडण होतं, न सांगितलं की पुढच्या लग्नात एका पंगतीला बसता येतं. यात तथ्य नव्हतं असं नाही.

गेल्या आषाढाच्या आधी समाजाच्या विवाह मंडळाच्या यादीतून जूचंद्रचं एक स्थळ आलं. मुलगा सुरज, मुंबईला चांगल्या नोकरीत, दिसायला नीटस. पाव्हणे आले, पोहे झाले. रीमानं त्याला सात प्रश्न विचारले आणि सहांची उत्तरं त्याच्या आईनं दिली. सातवा प्रश्न होता, तुम्हाला सुट्टीच्या दिवशी काय आवडतं. त्यावर सुरजनं आईकडे बघितलं आणि आई म्हणाली, झोप.

पाव्हणे गेल्यावर नथू एरवीपेक्षा जास्तच घाईत दिसला. घर नेमकं कोणतं ते पाव्हण्यांच्या तोंडून कळल्यापासून त्याचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, मी फोन करतो, तू मधे पडू नको. रीमानं ऐकलं नाही. रोज अनोळखी माणसांना कारणं लिहून द्यायची आणि जो आपल्या घरचे पोहे खाऊन गेला त्याला थाप मारायची, हे तिच्या मनाला पटेना. तिनं सुरजच्याच फोनवर संदेश धाडला: ‘तुमचं स्थळ आम्ही स्वीकारू शकत नाही. कारण: सातही प्रश्नांची उत्तरं तुमच्या आईंनी दिली. त्या चांगल्या आहेत, पण माझं लग्न त्यांच्याशी होणार नाही. काय करता येईल: पुढच्या ठिकाणी दोन वाक्यं स्वतः बोला. काही अडलं तर या नंबरवर फोन करावा.’

हा संदेश संध्याकाळपर्यंत नायगावपासून विरारपर्यंतच्या समाजाच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. कोणी म्हणालं पोरगी आगाऊ आहे, कोणी म्हणालं पोरीला तोंड आहे, आणि ज्यांना आधी ‘पत्रिका जुळत नाही’ मिळालं होतं अशा दोघांनी गुपचूप रीमाला विचारलं, आमचं कारण काय होतं ते आता कळेल का? एकाला तिनं सांगितलं. तो मंडळाच्या यादीत हुक्का-पार्लरमधला फोटो लावून बसला होता. त्यानं तो काढला आणि महिन्याभरात त्याचं जमलं. नथूनं मात्र दोन दिवस जेवताना तोंड उघडलं ते घास घालण्यापुरतंच.

या सगळ्या गदारोळात एकच माणूस गप्प होतं, ते म्हणजे हंसाआत्या. नथूची धाकटी बहीण, साठ वर्षांची, बिनलग्नाची. घरामागच्या वाडीत सोनचाफ्याची चाळीस झाडं आहेत. आता दोन बाजूंनी सातमजली इमारती उभ्या राहिल्यात आणि वरच्या बायका बाल्कनीतून वास फुकट घेतात. ती झाडं आत्याच्या जिवावर उभी होती. पहाटे उठून कळ्या काढायच्या, पानांत बांधायच्या, टोपली फाटकापर्यंत पोचवायची, हे ती चाळीस वर्षं करत आली. हसायची भरपूर, पण हसताना पदर तोंडावर घ्यायची. रीमानं लहानपणापासून तिचे दात पुरते पाहिलेच नव्हते. लाजाळू आहे, असं घरचे म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या रीमाच्या शेजारी ओट्यावर येऊन बसली. तिच्या मांडीवर वाल सोलायचं सूप होतं. बराच वेळ सोलून झाल्यावर ती म्हणाली, “सगल्या जगाला कारना सांगतस. माजा पन एक कारन काढून दे.”

मग तिनं सांगितलं. सत्त्याऐंशी साली ती बावीस वर्षांची होती तेव्हा जूचंद्रचंच स्थळ आलं होतं, याच घरातलं. सुरजचा मोठा काका. मिठागरावर कामाला होता, उंच, बोलका. बघायला आला तेव्हा त्यानं काहीतरी गंमत केली आणि ती खळाळून हसली. आठ दिवसांनी दादानं निरोप आणला की ते नको म्हणाले, पत्रिका जुळत नाही. आत्याला पत्रिका नव्हतीच. म्हणजे कारण दुसरं काहीतरी असणार, एवढं तिला तेव्हाही कळलं. तिनं आरशात बघितलं आणि कारण शोधलं. तिचे वरचे दोन दात पुढं होते. त्या दिवसापासून पदर तोंडावर आला तो आलाच. पुढं आणखी दोन स्थळं आली, त्यांना तिनंच नको सांगितलं. दात दाखवायला परत बसायचं नव्हतं तिला.

“दातच होते का, एवढा फक्त विचार,” आत्या म्हणाली. “आथा काय करायचा नाय मना. पन बरोबर समजला होता का चुकीचा, ते कलू दे.”

जिवंत असल्याचा दाखला घेऊन आलेल्या बाई रीमाला आठवल्या. ‘मला वाटलं शाळेला माझा राग आहे’ हे त्यांनी अकरा चिठ्ठ्यांनंतर म्हटलं होतं. आत्याला एकच चिठ्ठी पुरली आणि ती अडतीस वर्षं पुरली. तिनं आत्याला शब्द दिला, आणि देऊन झाल्यावर तिला कळलं की विचारायचं कोणाला याचा तिला पत्ताच नाही. ज्या घराला आपण नुकतंच तोंडघशी पाडलंय, त्यांनाच फोन करून विचारायचं की तुमच्या काकांनी आमच्या आत्याला का नाकारलं?

पण तिनं नंबर दिला होता, आणि सुरज नियम पाळणारा मुलगा निघाला. दुसऱ्या दिवशी रीमा कामावर असताना त्याचा फोन आला. आपल्या ऑफिसच्या जिन्यावरून बोलतोय, म्हणाला, घरी बोलता येत नाही. रागावलेला नव्हता. आई दोन दिवस भडकली होती, पण काकांनी तिला गप्प केलं, असं त्यानं सांगितलं. काका म्हणाले होते, या पोरीनं कारण तरी दिलं. मला त्याच घरातून नकार आला तेव्हा नुसतं ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणाले, आणि माझा जन्म कधी झाला ते माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं.

रीमानं विचारलं, नकार आमच्या घरातून गेला होता?

तर काय, सुरज म्हणाला. काका तर तयारच होते, तसा निरोपही धाडला होता. नकार आल्यावर त्यांनी खूप विचार केला आणि ठरवलं की आपल्या घरी संडास नाही म्हणूनच पोरीनं नाही म्हटलं. चिडून त्यांनी त्याच वर्षी पक्का संडास बांधला, आख्ख्या आळीतला पहिला. पुढच्या साली दुसरीकडे लग्न केलं, आता तीन नातवंडं आहेत. संडास अजून वापरात आहे. होळीला दोन घोट पोटात गेले की काका ही गोष्ट सांगतात.

फोन ठेवून रीमानं समोरच्या कागदावर दोन्ही नकार एकाखाली एक लिहून काढले. हे तिला रोजचं होतं. दोन्ही बाजूंना नकार मिळालाय, दोन्ही बाजू म्हणतात आम्ही नाही म्हटलंच नव्हतं, आणि दोन्ही नकारांत शब्द अगदी तेच. अशा वेळी चिठ्ठी कोणाच्या हातून गेली ते बघायचं असतं. इथं दोन्ही चिठ्ठ्या एकाच माणसाच्या हातून गेल्या होत्या. एरॉलनं विचारलं, काय झालं ग, कोणाचा सर्व्हर पडला? आमचाच, ती म्हणाली, सत्त्याऐंशी साली.

नथू वाडीत चाफ्याच्या आळ्यांना पाणी सोडत होता. रीमानं त्याला सरळ विचारलं. आधी तो म्हणाला आठवत नाही, मग म्हणाला जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, आणि मग त्यानं नळी खाली टाकली. खाई त्याला खवखवे.

“बाप आदल्या सालीच गेलेला,” तो म्हणाला. “आय अंथरुनाला. तिचा हगनामुतना कोन करील? वाडी कोन बघील? मी एकटा. मना दोनच वर्सं पायजे होती.”

“मग दोन वर्सं थांबा म्हणायचं.”

“थांबा म्हटला असता तर ते इचारायला घरी आले असते. तिनं ऐकला असता. ती बोलली असती, आथाच जाते.”

रीमाला खरं तर ओरडायचं होतं. पण समोर पासष्ट वर्षांचा म्हातारा चिखलात अनवाणी उभा होता आणि पाणी भलत्याच झाडाला चाललं होतं. थांबा म्हणायचं होतं आणि यानं कायमचं नको धाडलं; वर दोन्हीकडे दुसऱ्याच्या नावानं धाडलं. आजी पुढं नऊ वर्षं जगली. नथूचं लग्न झालं, पोरं झाली. आत्यानं आईचं केलं, भावाच्या पोरांचं केलं, चाफ्याचं केलं, आणि तोंडावर पदर घेऊन हसत राहिली. रीमालासुद्धा याच बाईनं न्हाऊमाखू घातलं होतं, म्हणजे या चोरीतला आपलाही वाटा आहे हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि ते तिला फार लागलं.

नथू म्हणाला, तू सांग तिला, तुला नीट सांगता येतं. रीमा नाही म्हणाली. कारणही दिलं: नकार तू धाडला होतास, कारण तुझ्याकडेच आहे. काय करायचं तेही सांगितलं: परवापर्यंत सांग, नाहीतर मी सांगीन, आणि माझ्या शब्दांत ते तुला आवडणार नाही.

दोन दिवस नथू घरात चोरासारखा वावरला. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, रीमा आणि तिची आई समोर असताना, तो बशीकडे बघत बोलला. ते नको म्हनालेच नव्हते हंसा, मी म्हटला. त्यांनाही आणि तुलाही. आय होती, वाडी होती. रीमाची आई उठून गॅस बारीक करायला गेली, गॅस आधीच बंद होता.

आत्यानं कप खाली ठेवला. मग तिनं रीमाला विचारलं, त्याला काय वाटला होता? त्याला कोनता कारन वाटला?

रीमानं संडासाची गोष्ट सांगितली. आळीतला पहिला, अजून वापरात आहे, हेही सांगितलं. आत्या आधी हुंकारली, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती जी हसली ती शेजारच्या इमारतीच्या बाल्कनीतून दोन बायकांनी वाकून बघेपर्यंत. पदर खांद्यावरच होता. वरचे दोन दात थोडेसे पुढं होते, एवढंच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते नेमकं कशाचं हे रीमाला ओळखता आलं नाही.

“म्हंजे दात नव्हते,” ती म्हणाली. आणखी एकदा, हळू, स्वतःशीच म्हणाली. मग उठून आत गेली आणि त्या दिवशी बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नथू सवयीनं टोपली काढून ओट्यावर उभा राहिला. चाफा थांबत नाही. ऊन लागलं की कळी उमलते आणि उमललेल्या फुलाला बाजारात कोणी विचारत नाही. आत्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यानं एकदा हाक मारली, दोनदा मारली. शेवटी दाराशी जाऊन, उभ्या जन्मात वापरला नव्हता इतक्या मऊ आवाजात विचारलं की हंसा, कळ्या काढायला येतेस ना?

आतून आत्याचा आवाज आला, चांगला खणखणीत, तोंडावर काही न घेतलेला.

“पत्रिका जुलत नाय.”

पलीकडच्या खोलीत रीमा जागी होती. तिला अंथरुणातूनच टोपली उचलल्याचा आवाज आला, आणि गुडघे धरत बाप एकटाच वाडीकडे निघाला.